जागेवर, जागेपणी

संध्याकाळी कल्याण सोडून पुढे निघालेल्या बदलापूर लोकलमध्ये दाराशी उभं राहिलं की डोळ्यांसमोर फक्त हात असतात. कडीला धरलेले, दांड्याला धरलेले, वरच्या पत्र्याला टेकलेले. विठ्ठलवाडी येतं, उल्हासनगर येतं. काही हात खाली येतात, तेवढेच नवे वर जातात. अंबरनाथला रेटा मोठा. उतरणारे आणि चढणारे एकदमच दारावर येतात आणि ज्याने दांडा सोडलेला नाही त्याचं अंग गर्दीबरोबर फलाटाकडे जातं, हात मात्र डब्यातच राहतो.

मी अपघात विभागात काम करणारी डॉक्टर. हे हात पाहिले की माझं मन प्रवासात राहत नाही. दंड वर उचललेला, कोपर अंगापासून लांब, तळवा पुढे वळलेला. खांदा पुढच्या बाजूला निखळतो तो नेमका हात असा असताना, मागून झटका बसला की. या पट्ट्यातली हजारो माणसं रोज पोटासाठी त्याच स्थितीत उभी असतात आणि त्यांतल्या फारच थोड्यांचे खांदे निखळतात, याचंच मला नवल वाटतं.

निखळलेल्या खांद्याचा माणूस दारातून आत येतानाच कळतो. तो बहुतेक वेळा चालत येतो. दुसऱ्या हाताने कोपर तळव्यात सांभाळलेलं असतं, मान दुखऱ्या बाजूला कललेली असते आणि कुणी जवळ आलं की तो अर्धं पाऊल मागे सरकतो. खांद्याची गोलाई गेलेली असते, तिथे टोक आलेलं असतं आणि त्या टोकाखाली बोट ठेवलं तर पोकळ लागतं. शर्ट काढू द्यायला तो तयार नसतो. बरोबरच्या माणसाला काही सांगायचं असतं, पण हा त्याला गप्प करतो. बोलण्यानेही अंग हलतं.

शाळेच्या पुस्तकात आपण याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो. पण खांद्याची खोबण उखळीइतकी खोल नसते, ती चहाच्या बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग तिच्यावर टेकतो. बाकी सगळी मदार कूर्चेच्या कडेवर, सांध्याच्या आवरणावर आणि भोवतालच्या स्नायूंवर. खुब्याचा सांधा खोल बसलेला आहे, म्हणून तो पक्का आणि कमी फिरणारा. खांद्याने पक्केपणा सोडला म्हणून आपल्याला माळ्यावरचा डबा काढता येतो, पाठीमागे हात नेऊन गाठ मारता येते, चेंडू फेकता येतो, लेकराला खांद्यावर घेता येतं. अंगातले मोठे सांधे निखळतात त्यांत निम्मे तरी खांदेच असतात, आणि शंभर खांद्यांतले सुमारे पंचाण्णव पुढच्या बाजूला निखळतात.

हाडाचं डोकं जागचं सरकलं की भोवतालचे स्नायू त्याला आहे तिथेच गच्च धरून ठेवतात. दुखतं म्हणून स्नायू आवळतात आणि आवळले म्हणून आणखी दुखतं. जितका उशीर, तितकी ती मिठी घट्ट. खांदा बसवायचा म्हणजे हाडाशी कमी आणि या स्नायूंशी जास्त व्यवहार करायचा असतो.

गुंगीचं औषध हा व्यवहार वरूनच मिटवून टाकतं. मिडाझोलाम, प्रोपोफोल, केटामीन ही फार मोलाची औषधं आहेत आणि त्यांच्याविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. पण ती द्यायची तर ऑक्सिजन हवा, मॉनिटर हवा, आणि केवळ रुग्णाचा श्वास बघत उभं राहणारं एक शिकलेलं माणूस हवं. पोट रिकामं हवं. ठरवून करायचं असेल तर जेवणानंतर सहा तास. नंतर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खाट हवी, घरी न्यायला कुणीतरी हवं. आता पावसाळ्यातली रात्रीची नऊची वेळ धरा. रुग्णाने दादरला गाडी पकडण्याआधी दोन वडापाव खाल्लेले आहेत. शेजारच्या खाटेवर बारवीकडच्या एखाद्या पाड्यावरून आणलेला, साप चावलेला माणूस आहे, त्याच्या पलीकडे तापाने फणफणलेलं मूल, दारात खड्ड्यात दुचाकी घसरलेला कुणी. श्वास बघत उभं राहणारं ते एक माणूस तिथून काढायचं कुठून?

म्हणून गुंगीशिवाय. पण या शब्दाचे दोन अर्थ मी पाहिले आहेत, आणि हा लेख त्या दोहोंमधल्या अंतरासाठी लिहिते आहे.

पहिला अर्थ मी शिकत असताना एका रुग्णालयात पाहिला. काखेतून चादर घालायची, ती दोघांनी एका बाजूला ओढायची, मनगट धरून तिसऱ्याने दुसऱ्या बाजूला. ‘सहन करा थोडं’ हे एकच वाक्य. किंकाळी बाहेरच्या बाकांपर्यंत जायची आणि तिथे बसलेल्यांचे चेहरे बदलायचे. खांदा बसायचा, बहुतेक वेळा. रुग्ण घामाने भिजून, खाली मान घालून बाहेर पडायचा, जणू ओरडला ही त्याचीच चूक. खासगी रुग्णालयात पैसे भरणाऱ्याला हेच झोपवून केलं जाई, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. गरिबाच्या अंगाला दुखणं सवयीचं असतं, अशी एक समजूत आपल्याकडे कुणी बोलून दाखवत नाही, पण तिच्यावर काम चाललेलं असतं. त्या गुंगीशिवायला माझा आजही विरोध आहे.

दुसऱ्या अर्थापर्यंत जायचं तर थोडं मागे जावं लागेल. इजिप्तमध्ये देर अल-मदिना इथे इपुय नावाच्या कारागिराची कबर आहे, सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर बांधकामाच्या जागेवरचं एक चित्र आहे: काम चाललंय, आणि एकीकडे एक माणूस आडव्या पडलेल्या सोबत्याचा हात धरून काहीतरी करतो आहे. हा निखळलेला खांदा बसवण्याचा देखावा आहे, असं बरेच जाणकार मानतात. हे वाचल्यापासून अंबरनाथच्या शिवमंदिराकडे गेले की मला त्याची आठवण होते. शके ९८२, म्हणजे १०६० साली पुरं झालेलं हे शिलाहारांचं देऊळ. वालधुनीच्या काठी एवढा दगड चढवला, तासला, रचला, तेव्हा कुणाचा खांदा उतरला नसेल? कुणीतरी तो बसवला असणारच, रुग्ण पूर्ण जागा असताना. त्याचं चित्र मात्र कुणी कोरून ठेवलं नाही. भिंतीवर आहेत त्या देवदेवता आणि नर्तिका, वर उचललेल्या हातांच्या, आणि त्यांतले कितीतरी हात आता झिजून गेलेत.

सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे सहा प्रकार दिले आहेत. चिकित्सास्थानातल्या भग्नाच्या अध्यायात खांद्यासाठी सांगितलं आहे ते असं, की काख मुसळाने वर उचलावी आणि सांधा जागेवर आला की स्वस्तिक पद्धतीने पट्टी बांधावी. ग्रीसमध्ये हिप्पोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथातही टाच, शिडी, दरवाजा यांच्या जोडीला मुसळ आहेच. दोन्हीकडच्या वैद्यांनी घरात हाताशी असलेली तीच वस्तू उचलली. १८४६ मध्ये बॉस्टनला इथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली, तोवर जगातला जवळपास प्रत्येक खांदा जाग्या माणसाचाच बसवला गेलेला होता.

आणि सगळे काही ओढूनताणून बसवले जात नव्हते. बर्नच्या थिओडोर कोखरने १८७० मध्ये आपली पद्धत लिहिली. पुढे १९०९ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते थायरॉइडच्या कामासाठी, पण आमच्या पिढ्यांना तो खांद्यामुळे माहीत. कोपर अंगाशी, हात हळूहळू बाहेर वळवायचा, दंड पुढे उचलायचा, मग आत वळवायचा. त्याच्या मूळ वर्णनात खेचणं नाहीच. ते नंतरच्यांनी घातलं, घाईपायी घातलं, आणि मग हाडं मोडली की कोखरची पद्धत धोक्याची म्हणून नाव पडलं. या माणसावर झालेला हा अन्याय मला फार लागतो. हलक्या हाताची विद्या दुसऱ्याच्या हातात जाताना किती सहज दांडगी होते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मी आज बहुतेक वेळा वापरते ती पद्धत ऑस्ट्रेलियातल्या नील कनिंगहॅम या अपघात-वैद्याची, २००३ मध्ये त्याने मांडलेली. तिला खाट लागत नाही, चादर लागत नाही, ताकद लागत नाही. मी अंगाने लहान आहे आणि ‘मॅडम, तुमच्याच्याने होईल का? कुणाला बोलवायचं का?’ हे मी पुष्कळदा ऐकलेलं आहे. माझ्यासाठी ही पद्धत म्हणजे दिलासा होता.

बदलापूरच्या एका बाईंचं सांगते. दादरच्या दुकानात नोकरी, लेडीज डब्यातून उतरताना मागून रेटा आला आणि दांडा धरलेला हात राहिला. आल्या तेव्हा चेहरा पांढरा, ओठ घट्ट. मनगटाची नाडी लागत होती. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, बाहीची शिवण येते तिथे, बोट फिरवल्यावर स्पर्श कळत होता. काखेजवळून जाणारी नस दबली की पहिल्यांदा तिथेच बधिर होतं, म्हणून हे आधी बघायचं आणि लिहून ठेवायचं. वेदनाशामक दिलं. गुंगी न देणं म्हणजे दुखू देणं नव्हे, हे प्रत्येक नव्या डॉक्टरला मी पुन्हा पुन्हा सांगते. एक्स-रे आला, हाड कुठे मोडलेलं नव्हतं. गुंगीबद्दल विचारलं तर बाई म्हणाल्या, ‘झोपवू नका हो मॅडम. पोरं दोघंच आहेत घरी. मला दहाच्या आत जायचंय.’

मी त्यांना पाठीच्या खुर्चीत ताठ बसवलं आणि त्यांच्या समोर, जरा बाजूला, स्टुलावर बसले. दुखरा दंड अंगाला लागलेला, कोपर दुमडलेलं, आणि त्यांचा पंजा माझ्या खांद्यावर. माझा एक हात त्यांच्या कोपराच्या खोलगटीत, नुसता ठेवलेला. त्याचं स्वतःचं वजन असतं तेवढंच. ‘मी ओढणार नाही,’ म्हटलं. ‘खरंच ओढणार नाही. दुखलं तर सांगा, मी थांबते.’ दुसऱ्या हाताने मानेपासून खांद्याकडे येणारा स्नायू चोळायला घेतला, मग खांद्यावरचा, मग दंडाचा पुढचा. हा पुढचा स्नायू सगळ्यांत हट्टी. हाडाचं डोकं परत यायच्या वाटेवर तोच ताणून उभा असतो.

आणि बोलत राहायचं. हे बोलणं औषधाच्या मात्रेइतकंच मोजूनमापून करायचं काम आहे, असं माझं मत आहे. ‘घाबरू नका’ याचा काही उपयोग होत नाही. त्याने घाबरण्याचीच आठवण होते. मी विचारलं, ‘आज घरी जेवायला काय?’ वाल भिजवून मोड आणलेले होते, बिरडं करायचं होतं, सोलायचे राहिले होते. सोलायचे कसे, ते मी विचारलं. कोमट पाणी किती, बोटाने दाबायचं कुठे, डाळिंबी अख्खी कशी निघते, बाई सांगू लागल्या. सांगता सांगता श्वास लांब झाला. माझ्या खांद्यावरचा पंजा आधी चिमटा घेतल्यासारखा होता, तो सैल झाला. दंडाचा स्नायू माझ्या बोटांखाली मऊ होताना मला कळत होता. तेव्हा म्हटलं, ‘आता ताठ बसा, छाती पुढे, दोन्ही फरे मागे एकमेकांकडे न्या.’ त्यांनी नेले आणि हाडाचं डोकं परत गेलं. खट्ट आवाजसुद्धा झाला नाही. त्या वालाचं पुढचं सांगतच होत्या. मी खांद्यावर हात ठेवला, गोलाई आली होती. ‘झालं,’ म्हटलं, तर विश्वास बसेना. निरोगी हाताने स्वतःच चाचपून पाहिलं आणि मग रडल्या.

पुन्हा एक्स-रे, झोळी, गोळ्या. रिक्षाने दहाच्या आत घरी.

हे नशिबाचे खेळ नव्हेत. २००९ मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी १५४ रुग्णांवर तीन पद्धती गुंगीशिवाय तपासून पाहिल्या. निजलेल्या रुग्णाचा हात धरून अगदी लहान लहान हेलकावे देत हळूहळू अंगापासून दूर नेण्याची फारेस पद्धत दर शंभरात जवळपास एकोणनव्वदांना लागू पडली. वेळ सरासरी अडीच मिनिटांच्या आत, आणि दुखणं टाचेच्या नि कोखरच्या पद्धतींपेक्षा कितीतरी कमी. सांध्यातच बधिरतेचं इंजेक्शन देण्याचाही मार्ग आहे; २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात खांदा बसण्याच्या यशात ते आणि शिरेतून दिलेली औषधं यांत ठळक फरक आढळला नाही. बदलापूर-अंबरनाथच्या रुग्णाला हे देणं परवडत नाही असं कुणी म्हणू नये. खुर्ची, स्टूल, दहा मिनिटं. महाग आहेत ती दहा मिनिटंच.

ती दहा मिनिटं हाडवैद्याकडे असतात. आपल्याकडची माणसं आधी त्याच्याकडे का जातात, याचं उत्तर अज्ञान एवढंच देणाऱ्यांशी माझं जमत नाही. तो बसवून घेतो, तेल लावतो, गाव विचारतो, बोटांनी स्नायू सैल करत राहतो. कनिंगहॅमची पद्धत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ते हात आठवले. पण त्याच्याकडे एक्स-रे नसतो. खांद्याबरोबर दंडाचं हाड मोडलेलं असेल, नस दबलेली असेल, तर तेच प्रेमळ हात जन्माचं नुकसान करतात. आणि काही आठवडे चोळून घेऊन मग आमच्याकडे आलेला खांदा कुणाच्याच बोलण्याला दाद देत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते.

उल्हासनगरला बोलायचं तर भाषाही लागते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी होऊन तिला उल्हासनगर नाव मिळालं, तरी पत्ता विचारला तर अजून कॅम्प नंबरच सांगतात. तिथल्या एक आजी न्हाणीघरात घसरून आल्या. फुप्फुसं थकलेली, गुंगी देणं जोखमीचं. हाड मात्र शाबूत. मराठी येत नव्हती आणि वेदनेत हिंदीही आठवेना. नातवाला त्यांच्या शेजारी बसवलं आणि सांगितलं, तू सिंधीतच बोल, आजीला लहानपणीचं काहीही विचार. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. बोटांखाली स्नायू सुटत गेले, तेवढं कळत होतं.

सगळे असे सुटत नाहीत. दंड अंगाशी येतच नसेल तर जबरदस्ती करायची नाही. विजेचा झटका बसलेल्या किंवा फिट आलेल्या माणसाचा खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो, तो समोरून काढलेल्या एक्स-रेत नजरेतून सुटतो. कारखान्यांच्या या भागात ते ध्यानात ठेवावं लागतं. नाडी लागत नसेल, हाड मोडलेलं असेल, दारूच्या अमलाखाली माणूस ऐकत नसेल, किंवा एक-दोन शांत प्रयत्नांनंतरही खांदा बसत नसेल, तर थांबायचं आणि गुंगीची, भुलीची नीट व्यवस्था करायची. नसेल तर जिथे आहे तिथे पाठवायचं. गुंगीशिवाय ही डॉक्टरची प्रतिष्ठा होऊ लागली की आपण फिरून त्या चादरीपाशी येतो.

तरुणांची चिंता वेगळी. विशीच्या आतला खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याचीच शक्यता जास्त असते, कारण पुढची कूर्चेची कडा फाटलेली असते. लंडनच्या बँकार्टने १९२३ मध्ये ही जखम दाखवून दिली, तिला अजून त्याचंच नाव आहे. अंबरनाथचा एक पोरगा, वरच्या थराचा गोविंदा, सरावात पडून आला होता. खांदा दहा मिनिटांत बसला, हसत उठला, आणि पहिला प्रश्न दहीहंडीचा. आई शेजारी उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला झोळीतून हात काढून, पुढे वाकून, तो कसा सैल सोडून हलकेच हलवायचा ते दाखवलं, आणि हे कधी सुरू करायचं ते लिहून दिलं. तीन आठवडे झोळी, मग व्यायाम, यंदा थर नाही, पुन्हा निखळला तर शस्त्रक्रियेचं बोलावं लागेल, हे सगळं सांगितलं. ‘खाली उभा राहीन फक्त,’ म्हणाला. खाली उभा राहणाऱ्याचे हातही वरच असतात आणि थर कोसळतो तो त्यांच्यावरच, हेही सांगितलं. तो गप्प झाला, पटलं म्हणून की कंटाळून, कळलं नाही. केसपेपरवर फेरतपासणीची तारीख लिहायची होती. मी दहीहंडीच्या आदल्या दिवसाची लिहिली आणि आईला म्हटलं, त्या दिवशी तुम्हीही बरोबर या.